पितरांच्या जेवणातला वाटा

मी घाबरट बाई आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. जन्मभर भूल द्यायचं काम केलं. सर्जन निवांत असला तर चालतं, गाणं गुणगुणत हाडं जोडली तरी चालतं. भूल देणारी निवांत झाली की पेशंट गेलाच म्हणून समजा. आमचे हे हाडांचे डॉक्टर. त्यामुळे संसारात घाबरायचं काम पहिल्यापासून माझं आणि "काही होत नाही गं" म्हणायचं यांचं. रिटायर होऊन लंडनच्या टोकाला पिनरच्या घरात दोघंच उरलो तेव्हा वाटलं, चला, आता घाबरण्यासारखं राहिलंय काय! तेवढ्यात सून आली.

सून मंगोल. चीनच्या हद्दीत मंगोलांचा जो मुलूख आहे, तिथली. मुलगा आणि ती लीड्सला एकत्र शिकत होते. मुलगा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर इंजिनीअर आहे, आठवडेच्या आठवडे घराबाहेर असतो. तिला आठवा महिना लागला आणि ब्लडप्रेशर चढायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या, तेव्हा मीच फोन करून मुलाला खडसावलं, "तिला एकटीला ठेवायचं नाही. आणून सोड इथे." त्याने आणून सोडली. दोन बॅगा, एक पितळी वाटी आणि निळ्या रेशमात गुंडाळलेली चिमूटभर माती, एवढं तिचं सामान.

तिच्या माहेरची माणसं पुजारी आहेत. देवाचे नव्हेत, राजाचे. तो कोण ते मी नाव घेऊन सांगणार नाही, कारण ती घेत नाही. शाळेत आपल्याला तो घोड्यावरून आलेला, शहरंच्या शहरं जाळणारा म्हणून शिकवला. त्यांच्याकडे तो साऱ्या मंगोलांचा पितर. मेला असं कोणी म्हणतच नाही. नुसतं "धनी" म्हणायचं. आमच्याकडे सासूबाईंच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, यांच्याकडे राजाचं घेत नाहीत. मीही आता धनीच म्हणते. सवयीने म्हणते असं मैत्रिणींना सांगते, पण खरं तर मला आता भीती वाटते.

पहिल्याच दिवशी तिने पितळी वाटीत तूप घातलं, वात लावली आणि मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. धन्यांच्या तंबूत असा दिवा कायम तेवत असतो आणि तिच्या वडिलांचे वाडवडील पिढ्यान् पिढ्या त्याला तूप घालत आले. इथे लाकडी घर, कार्पेट, पडदे! मी दिवसातून कितीदा तरी तो दिवा बघून यायची. यांचं दुखणं वेगळंच.

"अगं, हा तर मुघलांचा मूळपुरुष!" हे मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले. "आईकडून याच्याच वंशातले म्हणून मिरवायचे ते. महाराजांनी ज्यांच्याशी उभा जन्म झुंज घेतली, त्यांच्या खापरपणज्याला माझ्या घरात तूप? माझ्या पैशाचं?"

"हळू बोला. मराठी कळायला लागलंय तिला."

"कळू दे!"

पण माणूस इतिहासाचा वेडा. दुसऱ्या दिवशी चहाला तिलाच विचारत बसले. ती सांगायची ते निम्मं इंग्लिशमध्ये, निम्मं आमच्याकडून उचललेल्या मराठीत. धन्यांच्या मागे त्यांचे पांढरे तंबू गाड्यांवर घालून मुलूखभर फिरवत. पुढे ज्याला कोणाला खान व्हायचं असेल, त्याने त्या तंबूंपुढे येऊन डोकं टेकायचं. लढाया जिंका, मुलूख घ्या, पण तंबूपुढे गेल्याशिवाय लोक खान म्हणायचे नाहीत. आणि त्या तंबूंचे राखणदार म्हणजे हिच्या माहेरचे. त्यांना कर नाही, लढाईला जाणं नाही. दिवा राखायचा आणि स्तोत्रं म्हणायची.

"म्हणजे इनामदार गुरव!" हे खूश होऊन म्हणाले. तेव्हापासून त्यांची चिडचिड निम्म्यावर आली. राहिलेली निम्मी करमणूक म्हणून ठेवली असावी. ती रोज सकाळी चहातलं पहिलं दूध चमच्याने मागच्या अंगणात आभाळाकडे उडवायची आणि हे खिडकीतून ओरडायचे, "तुझ्या धन्यांना सांग, साखर महाग झालीय!" ती हसायची. बाबा म्हणायची त्यांना.

उन्हाळ्यात तिचे वडील वारले होते. डॉक्टरांनी विमानाला ठाम नाही म्हणून सांगितलं, त्यामुळे जाता आलं नाही. एका संध्याकाळी तिने अंगणाच्या टोकाला एका ट्रेमध्ये विस्तव केला आणि त्यात चरबी, धान्य, दूध घातलं. त्यांच्यात पितरांना जेवण पोचतं ते विस्तवातून. मी पाण्याची बादली घेऊन शेजारी उभी. पलीकडचे म्हातारबुवा कुंपणावरून डोकावले, "बार्बेक्यू का?" "हो, हो," म्हणाले मी. करते काय! राहिलेलं तिने खायचं, असा रिवाज असावा. तिने उचललं, बराच वेळ हातात धरून बसली आणि तेही विस्तवात टाकलं. मला वाटलं, बिचारीला दुःखाने घास जाईना.

मग पितृपक्ष आला. आमच्या सासऱ्यांचं श्राद्ध आम्ही दर वर्षी घरी करतो. गुरुजी एजवेअरहून येतात. एरवी ते कौन्सिलमध्ये पार्किंगचं काम बघतात आणि पितृपक्षात रजा टाकून घरोघरी फिरतात. आदल्या दिवशी त्यांनी फोनवर सामानाचं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, सूनबाई गरोदर ना? मग तिला श्राद्धाच्या जागी बसवू नका. त्या पानातलं जेवणही नको. जुनी माणसं सांगतात, पोटातल्या जिवावर सावली नको."

आमच्या आईनेही हेच सांगितलं असतं. मी म्हटलं बरं. आठवा महिना, त्यात प्रेशर. धुरात, गर्दीत बसण्यापेक्षा वर पडून राहील. काळजीपोटी हो, दुसरं काही मनात नव्हतं. तिच्यासाठी वेगळा वरणभात लावला.

सकाळी ती विचारायला आली, "आई, आज काय आहे?"

मी वडे थापत होते. म्हणाले, "पितरांचा दिवस. आज ते जेवायला येतात."

तिचा चेहरा असा फुलला! लगबगीने वर गेली. मला वाटलं झोपायला गेली असेल. दुपारी गुरुजी सोवळं नेसून बसले, यांनी पाणी सोडायला सुरुवात केली, तेव्हा ती जिन्यावरून खाली आली. अंगात तिकडचा लांब निळा झगा, खांद्यावर चांदीची बटणं, पोटावरून सैल केलेला. केस चापूनचोपून बसवलेले. हातात दुधाची वाटी, दोन्ही हातांनी धरलेली. लग्नातसुद्धा इतकी नटली नव्हती.

यांनी मान वर करून पाहिलं आणि मंत्र चालू असल्यामुळे हातानेच खूण केली, वर जा. गुरुजीही न बोलता हात हलवायला लागले. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "बाळा, तू वर. तुझं पान मी वर आणते. वेगळं केलंय तुझ्यासाठी."

तिने माझ्याकडे, मग यांच्याकडे, मग त्या मांडलेल्या पानांकडे बघितलं. वाटी सांडू न देता ती वळली आणि वर गेली.

गुरुजींचं पान वाढायच्या आधी मी तिचं ताट घेऊन वर गेले. गरोदर बाईला उपाशी ठेवू नये, म्हटलं आधी तिला देऊ. खोली रिकामी. पलंग नीट केलेला. फोन चार्जरवर. गोळ्या टेबलावर, सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही. बाथरूममध्ये नाही, मागच्या खोलीत नाही. तिथला दिवा विझवलेला होता. मी इतके दिवस मनातून हेच मागत होते, की तो दिवा विझावा. आणि तो विझलेला बघून मी ताट तिथेच ठेवून धावले.

खाली आले ती ओरडतच. "अहो! सोडा ते पाणी! पोर घरात नाहीये!"

त्या प्रेशरच्या दुखण्यात बायांना काय काय होतं ते मी जन्मभर पाहिलंय. आधी डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं, मग झटका येतो. बाई जीभ चावते, निळी पडते. आई आणि मूल, दोन्ही हाताशी असताना जातात. दवाखान्यात, माणसांच्या गराड्यात जातात. ही कुठेतरी रस्त्यात, गोळ्या न घेता, एकटी.

मुलाचा फोन एरवी समुद्रावर लागत नाही, तो नशिबाने लागला. मी त्याला एका दमात सगळं सांगितलं.

"अरे, बोल की!"

"आई," तो म्हणाला, "तू तिला जेवायला नाही बसवलंस? आज? पितरांच्या जेवणाला?"

"अरे, गरोदर बाईला बसवत नाहीत रे!"

"तिला काय माहीत ते!" तो माझ्यावर कधी ओरडत नाही, तेव्हा ओरडला. मग आवाज खाली आणून सांगितलं. धनी लहान असताना त्यांचे वडील विषाने मेले. त्या वर्षी कुळाच्या पितरांना नैवेद्य झाला. त्याचं जेवण कुळातल्या थोरल्या बायका वाटायच्या, आणि त्यांनी धन्यांच्या आईचा वाटा ठेवलाच नाही. ती म्हणाली, नवरा गेला म्हणून माझी पोरं काय मोठी व्हायची नाहीत? पण वाटा दिला नाही तो नाहीच. आणि लगेच सगळा तळ उठून निघून गेला. तिला पोराबाळांसकट नदीकाठी टाकून. "त्यांच्यात कोणाला कुळातून काढायचं तर भांडत नाहीत, आई. हाकलत नाहीत. पितरांच्या जेवणातला वाटा देत नाहीत. झालं. आणि लग्न झालेल्या मुलीला माहेरच्या पितरांचा वाटा नसतो. तिकडचा संपला, इकडचा तुम्ही दिला नाहीत."

अंगणातल्या त्या विस्तवात तिने तो घास का टाकला, ते मला तेव्हा कळलं.

हे माझ्यामागे उभे राहून ऐकत होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी प्रथमच बघितलं. "काही होत नाही" हे शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. आणि गुरुजी! त्यांनी सोवळ्यावरच जाकीट चढवलं, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "वहिनी, मी बोललो म्हणून झालं हे. मी स्टेशनं बघतो." आणि मेट्रोपॉलिटन लाइनच्या एकेका स्टेशनात तो माणूस धोतर सावरत, कपाळाला गंध, उपाशीपोटी प्लॅटफॉर्म बघत फिरला. मी त्यांच्यावर रागावणार होते, तेही राहून गेलं.

आम्ही पिनरचा हायस्ट्रीट पाहिला, पार्क पाहिला, तळ्याकाठची बाकं पाहिली. निळा रंग दिसला की मी यांना गाडी थांबवायला लावायची. पोलिसांना कळवलं, हॉस्पिटलच्या मॅटर्निटीला कळवलं. तिथल्या मिडवाइफने शांतपणे विचारलं, "शेवटचं प्रेशर किती होतं?" आणि तो शांतपणा ऐकून मी अजूनच घाबरले. असा आवाज मीही काढायची, पेशंटचं काही खरं नाही असं वाटलं की.

गाडीत यांचे हात थरथरायला लागले. यांना डायबेटिस. जेवायची वेळ टळून गेलेली. मी पर्समधून बिस्किट काढलं.

"नको," म्हणाले.

"अहो, तुम्ही पडाल! मी कोणाकोणाला उचलू?"

"ती जेवली नाही तोवर मी जेवणार नाही. ग्लुकोजच्या गोळ्या दे. ते औषध आहे, जेवण नाही."

असला हटवादी माणूस! मी गोळ्या कोंबल्या त्यांच्या तोंडात आणि रडायला लागले.

तेवढ्यात मुलाचा फोन. त्याने तिच्या आईला तिकडे फोन लावला होता. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की, जिला कोणी उरलं नाही ती उंच जागी जाते, आभाळाला सांगायला. आता लंडनच्या या सपाट भागात उंच जागा कुठली? यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. हॅरोची टेकडी! माथ्यावर चर्च आहे ती. आमच्या खिडकीतून दिसते. हिने ती किती वेळा बघितली असेल.

चर्चच्या मागे, जुन्या थडग्यांच्या बाजूला एका बाकावर ती बसली होती. निळा झगा, मांडीवर रिकामी वाटी. ती टेकडी आठव्या महिन्यात, तसल्या प्रेशरमध्ये चढून गेली होती. चेहरा सुजलेला. बोटं सुजलेली. मी धावत जाऊन तिचा हात धरला तर तिने आमच्याकडे परक्यासारखं बघितलं. कोणी परक्यानेही बघू नये असं.

मग एकच विचारलं. "तुम्ही जेवलात?"

"नाही," हे म्हणाले.

"खोटं."

"खोटं कशाला बोलू? कोणीच नाही जेवलेलं. पानं तशीच आहेत. गुरुजीसुद्धा उपाशी स्टेशनावर फिरतोय, विचार फोन करून!"

तिने यांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. मी विचारलं, "डोकं दुखतंय?" "खूप." "डोळ्यांपुढे काही दिसतं?" ती म्हणाली, "दिवे. छोटे छोटे दिवे. सारखे." तिला वाटलं ते तिच्या माहेरचे दिवे आहेत. ती जवळजवळ खुशीत सांगत होती. आणि मला माहीत होतं ते कसले दिवे आहेत.

हॉस्पिटल टेकडीच्या पायथ्याशीच. अँब्युलन्सची वाट न बघता गाडीत घातली. प्रेशरचा आकडा बघून तिथली तरुण डॉक्टर धावायला लागली. डॉक्टर धावू नयेत असं आम्हाला शिकवलेलं होतं. ताबडतोब सिझेरियन. सलाइन लागलं, औषध चालू झालं, थिएटर तयार होईपर्यंत आम्हाला आत थांबू दिलं.

घरातून निघताना यांनी कधी भरला कोण जाणे, पण यांच्या हातात डबा होता. खीर आणि दोन वडे, पितरांच्या पानातले.

तिने तो बघितला. "एक घास," म्हणाली. "आई, एकच. मग मला आत नेऊ दे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते झालं. जन्मभर मी एकच गोष्ट सांगत आले, थिएटरात जायच्या आधी पोटात काही नको. गरोदर बाईच्या पोटातलं अन्न तर तासन् तास तसंच राहतं, भूल दिली की वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. पण ती आत जाऊन परत आली नाही तर? तर ती आमच्या घरची न होताच गेली असती. ना तिथली, ना इथली. एका वड्याच्या तुकड्यासाठी.

"अगं, दे ना," हे म्हणाले. "चिमूटभर. चिमटीने काय होतंय?"

"गप्प बसा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की मिडवाइफ वळली. "तुमचं हाडांचं काम वेगळं! ही मेली तर कोणाला भरवाल?"

मग मी तिच्याकडे वळले. "नाही देणार. ऐकतेयस? नाही म्हणजे नाही. तू बाहेर येशील तेव्हा. तोवर आमच्यातलं कोणी पाण्याशिवाय काही तोंडात घालणार नाही. आम्ही जेवून निघून जाणार नाही. तुझ्याशिवाय आमचे पितरही उपाशी."

तिने डोळे मिटले. पटलं की नाही ते मला कळलं नाही. तिला घेऊन गेले.

कॉरिडॉरमधल्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. मी देव पाण्यात घातले होतेच, पण खरं सांगते, मी त्या धन्यांनाही हात जोडले. नाव न घेता. म्हटलं, तुमच्या आईला जे झालं ते आम्ही मुद्दाम नाही हो केलं. तिला सोडा. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईने असं म्हणावं! पण कोणी हसावं असं तिथे कोणी नव्हतं. हे शेजारी डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांच्या वडिलांना काय सांगत होते देव जाणे.

मग त्या कॉरिडॉरच्या टोकाला भूल देणारा डॉक्टर दिसला. हळू चालत आला. हळू चालणं मला माहीत आहे. मी स्वतः तशी चालत गेलेय नातेवाइकांकडे.

"मुलगी आहे," तो म्हणाला. "लहान आहे, पण रडली." मग तो थांबला. आत टेबलावर घेता घेता तिला झटका आला होता. पाठीत सुई देऊन भागलं नाही, पूर्ण भूल द्यावी लागली. आता स्थिर आहे, पण झोपवून ठेवलीय. मेंदूचं उद्या कळेल. आणि जाता जाता म्हणाला, "पोट रिकामं होतं, ते फार बरं झालं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला बरं वाटायला हवं होतं. मला एवढंच दिसत होतं की मी तिला नाही म्हणाले आणि ते तिने ऐकलेलं शेवटचं वाक्य असू शकतं.

रात्रीचं मी लिहीत नाही. सकाळी तिची नळी काढली. आम्हाला एकेकाने जायला सांगितलं होतं, पण नर्सने यांचा चेहरा बघितला आणि दोघांनाही सोडलं. ती पांढरीफटक पडली होती. मी तिला बोट हलवायला सांगितलं, हलवलं. हसायला सांगितलं, हसली नाही, पण तोंड दोन्ही बाजूंनी सारखं वाकलं. तिला मुलीचा फोटो दाखवला. तिने तो फोन छातीवर ठेवला आणि काढूच देईना.

दुपारी खायला परवानगी मिळाली. नर्सने टोस्ट आणला. तिने तो बाजूला सारला आणि यांच्याकडे बघितलं.

"जेवलात?" घशातून आवाज निघत नव्हता.

"ग्लुकोज," हे म्हणाले. "औषध म्हणून."

त्यांनी डबा उघडला. तो नर्सने फ्रिजमध्ये ठेवला होता, वडा दगडासारखा झालेला. यांनी पुढे केला तर तिने तोंड उघडलं नाही. हातात मागितला. वाटा करणं हे घरातल्या थोरल्या बाईचं काम, म्हणून मी हात पुढे केला, "दे, मी मोडते."

"नको," ती म्हणाली. सलाइन लावलेल्या हाताने तिने तो कसाबसा मोडला. पहिला तुकडा यांना दिला. दुसरा मला. तिसरा तिने स्वतः खाल्ला, डोळे मिटून, पार विरघळेपर्यंत. यांच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि हे तसेच चावत होते.

एक तुकडा तिच्या तळहातावर उरला.

"हा तिचा," ती म्हणाली. "दात येईपर्यंत तिचा वाटा तुम्ही खायचा, बाबा. पण तिला विचारून."

"तिला काय कळतंय?"

"विचारून," ती म्हणाली.

मुलीला ठेवलं होतं त्या नवजात मुलांच्या विभागात खाणं नेता येत नाही हे मी यांना सांगितलं. तेव्हा तुकडा दारात माझ्या हातात देऊन, कोपरापर्यंत हात धुऊन हे आत गेले. मी काचेतून बघत होते. नळ्या लावलेलं ते मूठभर पोर झोपलं होतं. हे तिच्या काचेच्या पेटीपाशी वाकले, आणि त्यांनी खरंच विचारलं. मग तसेच वाकून उभे राहिले, उत्तराची वाट बघत.